जित्ता धरला म्हणून काय झालं?



मागच्या वेळी उन्हाळी वाळवणावर लिहिलं होतं. आजचा विषय स्वयंपाकघरातला नाही, शेतातला आहे. पण फिरून तो आपल्याच उंबऱ्याशी येतो, म्हणून लिहिते. यात चूक माझीही आहे, हे आधीच सांगून टाकते.

संक्रांतीनंतरची गोष्ट. अहमदपूरकडे आमची थोडी जमीन आहे, ती पुतण्या बघतो. तुरीची रास झाली होती, म्हणून मी आणि धाकट्या जाऊबाई दोन दिवस शेतावर राहायला गेलो होतो. सकाळी चहा घेत बसलो होतो, तेवढ्यात बांधावरून दोन माणसं आली. बरोबर तीन कुत्री. दोन साधी गावठी आणि एक उंच, किडकिडीत, लांब तोंडाचं कारवानी. एकाच्या हातातल्या उपरण्यात काहीतरी फडफडत होतं. त्यानं उपरणं उघडून दाखवलं. आत तितर होता. चोच उघडी, डोळे ताणलेले, आणि छाती इतक्या जोरात हलत होती की हाताला नुसत्या पाहण्यानंच धडधड जाणवावी.

तो माणूस मोठ्या कौतुकानं म्हणाला, “काकू, बघा, जित्ताच हाय. गोळी न्हाई, छर्रा न्हाई, रगताचा थेंब न्हाई. कुत्र्यानं नुसता दाबून धरला.”

खरंच रक्त नव्हतं. मला हायसं वाटलं. मी विचारलं, “केवढ्याला देता?” तीनशे रुपये ठरले. मी पैसे दिले, णमोकार मंत्र म्हटला आणि तितर बोरीच्या झुडपाजवळ सोडला. तो उडाला नाही, चालत आत गेला. जाऊबाई म्हणाल्या, “ताई, सकाळी सकाळी पुण्य लागलं.” मी फोटो काढून आपल्या महिला मंडळाच्या ग्रुपवर टाकला. किती जणींनी हात जोडले! मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी सालगड्यानं सांगितलं, तितर त्याच बोरीखाली मरून पडलाय, मुंग्या लागल्यात.

मी मनाला समजावलं, त्याचं आयुष्य तेवढंच होतं. पण आठ-दहा दिवसांनी लातूरच्या घरी दाराची बेल वाजली. त्या दोघांपैकी एक जण दारात उभा. हातात कापड झाकलेला बांबूचा पिंजरा. आत सात तितर.

“काकू, तुम्ही सोडवता ना? जित्तेच आणलेत, तुमच्यासाठी.”

तुमच्यासाठी. मैत्रिणींनो, तो शब्द मला आजही झोपू देत नाही. मी “नको” म्हटलं. तो म्हणाला, “मग धाब्यावर जातील.” मी तशीच उभी राहिले आणि तो पिंजरा घेऊन निघून गेला. त्या सातांचं काय झालं असेल, हे सांगायला नको.

तेव्हापासून या विषयाचा मी विचार करते आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या घरी शेती आहे, बटईनं दिलेली का असेना. आणि “गोळी न झाडता धरला” हे वाक्य शेताशेतांत कौतुकानं बोललं जातं. माझं म्हणणं सरळ आहे. जिवंत धरणं ही शिकारच आहे, आणि पैसे देऊन सोडवणं हे त्या शिकारीला गिऱ्हाईक मिळवून देणं आहे.

आधी ही पारध कशी होते ते सांगते, कारण मलाही ते नंतरच कळलं. तितर हा जमिनीवरचा पक्षी. पहाटे “क-ती-तर, क-ती-तर” असा आवाज शेतात ऐकू येतो तो त्याचाच. तो उडतो, पण थोडंच. धोका दिसला की आधी पळतो, अगदी जवळ आलं की फडफडाट करून उठतो आणि थोड्या अंतरावर पुन्हा खाली उतरतो. दोन-तीनदा उठवलं की दमतो आणि झुडपात दबून बसतो. माणसाला तो दिसत नाही, कुत्र्याला वास येतो. गावठी कुत्री हुडकून उठवतात, लांब पायांचं कुत्रं नजर ठेवून मागं धावतं, आणि उतरला की पुन्हा उठवतात. शेवटी उडायचं बळच उरत नाही. मग कुत्रं पंजाखाली किंवा तोंडात धरतं. ज्याचं तोंड हलकं, पक्ष्याला दात लावत नाही, त्या कुत्र्याचा मालकाला फार अभिमान. लावा पक्षी असेच धरतात. ससा तर कारवानीचा नेहमीचाच.

आता यात रक्त नाही हे खरं. पण पशुवैद्यकाला विचारा. जीव तोडून पळवलेल्या प्राण्याच्या स्नायूंना आतून इजा होते, रक्तातलं सगळं बिघडतं, आणि वरून धडधाकट दिसणारा पक्षी काही तासांनी किंवा दोन-चार दिवसांनी मरू शकतो. कुत्र्याचा एखादा बारीक दात लागला असेल तर पिसांखाली दिसतही नाही, आणि लाळेतल्या जंतूंनी तो दगावतो. माझा तितर बोरीखाली का मेला, त्याचं उत्तर मला असं मिळालं. त्याचं “आयुष्य तेवढंच” नव्हतं. ते आम्ही सगळ्यांनी मिळून तेवढं केलं होतं.

कुत्र्यांबद्दलही दोन शब्द लिहिते, कारण मला त्यांचा राग नाही. माझं माहेर नांदेड जिल्ह्यातलं. लहानपणी वडिलांबरोबर लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला गेले आहे. आपण दर्शनाला नाही, बाजाराला जायचो. मार्गशीर्षातली थंडी, घोडे, उंट, गाढवं, लाल कंधारी बैल, आणि एका बाजूला दोरीला धरलेली कुत्री. खंडोबाबरोबर कुत्रं असतंच, त्यामुळे तिथं कुत्र्यालाही मान. आजही त्या यात्रेत घोड्यांबरोबर श्वानांचं प्रदर्शन भरतं. कारवानी आणि लांब केसांची पश्मी ही आपल्या लातूर-नांदेड भागाची कुत्री. व्यापाऱ्यांच्या कारवानांबरोबर त्यांचे पूर्वज दख्खनेत आले, म्हणून कारवानी, असं सांगतात. कर्नाटकातल्या मुधोळचं प्रसिद्ध कुत्रं याच घराण्यातलं. 30 ऑगस्ट 2020 च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी देशी कुत्र्यांची नावं घेतली, त्यात मुधोळ होतं. मुधोळची पिल्लं मेरठला लष्कराच्या केंद्रात शिकायला गेली. आपल्याकडे देवणी आणि लाल कंधारी गुरांचा जसा अभिमान, तसाच या कुत्र्यांचा असायला माझी काहीच हरकत नाही. राखणीला यासारखं कुत्रं नाही. भाकरी-दूध खाऊनही राहतं. मालकाशी इमानी, परक्याला लवकर जवळ येऊ देत नाही.

मग दोष कुणाचा? कुत्रं धावतं तो त्याचा स्वभाव. दोरी सोडतो तो माणूस.

कायद्याचं म्हणाल तर तो अगदी स्पष्ट आहे. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. त्यात शिकार म्हणजे नुसतं ठार मारणं नाही. पकडणं, मागे कुत्री सोडून पळवणं, फास लावणं, सापळ्यात धरणं, हाकारा घालून उठवणं, आमिष दाखवणं हे सगळं शिकारीच्या व्याख्येतच येतं. नुसता प्रयत्न केला तरी येतं. पक्ष्यांची अंडी फोडणं, घरटं विसकटणंही येतं. एके काळी परवाना काढून तितर-लाव्यांची शिकार करता येत होती. 1991 च्या दुरुस्तीनंतर ती वाटही बंद झाली. धरणं, पाळणं, विकणं, विकत घेणं, सगळ्याला मनाई. म्हणजे त्या सकाळी माझ्या अंगणात जे झालं, त्यात विकणारा जसा चुकला, तशी घेणारीही चुकली. मी बी.कॉम. झालेली बाई, घरात रोज दोन वर्तमानपत्रं येतात, आणि मला हे माहीत नव्हतं.

पण आपण कायद्याच्या भीतीनं जगणारी माणसं नाही. आपल्या धर्मात याचं उत्तर कायद्याच्या कितीतरी आधी देऊन ठेवलंय.

अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण पाठशाळेत पाठ केले होते, आठवतात? तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायातले. प्राण्याला बांधून किंवा कोंडून ठेवणं, मारझोड करणं, अवयव कापणं, जास्त ओझं लादणं आणि अन्नपाणी तोडणं. यात पहिला कोणता? बंध. जीव घेण्याचा तर यात उल्लेखच नाही, कारण ते व्रताच्या पार पलीकडचं झालं. जीव न घेता जे जे चुकतं, त्याची ही यादी आहे. उपरण्यात गुंडाळलेला तितर, झाकलेल्या पिंजऱ्यातले सात तितर, हे सगळे त्या पहिल्या शब्दात बसतात. आणि शेवटचा अतिचार? त्या माणसानंच सांगितलं होतं की पारधीच्या आदल्या दिवशी कुत्र्याला खायला देत नाहीत, पोट रिकामं असलं की चांगलं धावतं. म्हणजे एकाच पारधीत पक्ष्याचा बंध आणि कुत्र्याची उपासमार. दोन जीव दुखावले, आणि आपण म्हणतो रक्ताचा थेंब नाही.

सप्तव्यसनांत जुगार, मद्य, मांस यांच्या ओळीत शिकार आहे. तिला आपल्या जुन्या ग्रंथांत पापर्धी म्हणतात. आपला ‘पारध’ हा शब्द त्याच घरचा. शस्त्र कुठलं वापरलं यावर ते व्यसन ठरत नाही. बाण असो, बंदूक असो, की कुत्रं. चार प्रकारच्या हिंसेत आरंभी हिंसा आपल्याला टाळता येत नाही, चूल पेटवली की ती होतेच. उद्योगी हिंसा शेती-व्यापारात होते. विरोधी हिंसा संरक्षणासाठी. पण संकल्पी हिंसा, ठरवून, मौजेसाठी केलेली, ती श्रावकाला पूर्ण वर्ज्य. थंडीच्या दिवसांत शहरातून गाडी काढून, मित्रांना घेऊन, “चला, आज कुत्री पळवू” म्हणणं याला दुसरं काय नाव द्यायचं? आपल्या ओळखीतल्या घरांतली तरुण मुलंही मित्रांबरोबर नुसती बघायला जातात. खात नाहीत, धरत नाहीत, मोबाईलवर चित्रीकरण करतात. करणं, करवून घेणं आणि अनुमोदन देणं, तिन्ही सारखं, हे त्यांना घरात कुणी सांगितलं नाही का? सांगायचं काम आपलंच.

राणी चेलना आणि राजा श्रेणिकाची कथा आपल्याकडे प्रत्येकीला येते. पण आपण मेलेल्या सापाची गोष्ट लक्षात ठेवतो आणि त्याआधीची विसरतो. श्रेणिक शिकारीला निघाला होता. वाटेत मुनिराज ध्यानस्थ दिसले. रागानं त्यानं बाण मारला नाही, तलवार उपसली नाही. त्यानं आपली पाचशे शिकारी कुत्री त्यांच्या अंगावर सोडली. ती कुत्री मुनिराजांजवळ गेली आणि शांत होऊन नतमस्तक झाली. मग राजा आणखी चिडला आणि पुढचं सापाचं घडलं. लहानपणी ही कथा ऐकताना मला चमत्काराचं नवल वाटायचं. आता वेगळं दिसतं. कुत्र्यांना राजाच्या आधी कळलं. श्रेणिकानं स्वतः बोटही लावलं नव्हतं, तरी कर्म त्याच्याच खात्यावर पडलं. कुत्र्यांच्या नाही.

दुसरी कथा यशोधर राजाची. जिवंत कोंबडा बळी द्यायला तो तयार नव्हता, म्हणून आईच्या हट्टापायी त्यानं पिठाचा कोंबडा करून बळी दिला. जीव नव्हता, रक्त नव्हतं, पण संकल्प होता. पुढच्या जन्मी राजा मोर झाला आणि त्याची आई कुत्रं झाली. दोघं त्याच राजवाड्यात येऊन पोचली, आणि त्या कुत्र्यानं त्या मोराला धरून मारलं. आईनं लेकराला, दोघांनाही न कळता. ही कथा अपभ्रंश भाषेत ‘जसहरचरिउ’ म्हणून महाकवी पुष्पदंतांनी दहाव्या शतकात लिहिली, ती राष्ट्रकूटांच्या राजधानीत, मान्यखेटला. ते आजचं मळखेड, कलबुर्गी जिल्ह्यात, आपल्यापासून फार लांब नाही. हे राष्ट्रकूट स्वतःला लट्टलूरचे स्वामी म्हणवत, आणि लट्टलूर म्हणजे आपलं लातूर असं मानतात. कंधारही त्यांचंच नांदतं नगर. म्हणजे कुत्रं आणि पक्षी यांच्या नात्याची ही गोष्ट आपल्याच राजांच्या छत्राखाली लिहिली गेली. हजार वर्षांनी त्याच मातीत आपण विचारतो, जित्ता धरला तर काय झालं?

आता माझ्या चुकीकडे येते. पैसे देऊन सोडवण्याकडे.

दशलक्षणात, महावीर जयंतीला, कुणाच्या पुण्यतिथीला पिंजऱ्यातले पक्षी विकत घेऊन सोडायची पद्धत आपल्या समाजात आहे. भाव चांगलाच असतो. अभयदान हे मोठं दान, यात शंका नाही. पण मी वाणिज्य शाखेची, म्हणून हिशेब मांडते. मेलेल्या तितराला धाब्यावर एक भाव मिळतो. जिवंत तितराला मी तीनशे दिले. म्हणजे मी त्या माणसाला काय शिकवलं? मारू नकोस, हे नाही. जिवंत धरलास तर जास्त मिळतील, हे. मागणी मी तयार केली, पुरवठा आठ दिवसांत दाराशी आला. पुण्याच्या बाजूला मी तीनशे रुपये मांडले, पण नावेची बाजू बघितलीच नाही. तिथं एक मेलेला तितर आणि सात पिंजऱ्यातले होते. खतावणी जुळेना, तेव्हा डोळे उघडले. बरं, सोडलेल्याचं तरी काय? पंख दमलेला, जोडीपासून तुटलेला, भलत्याच ठिकाणी सोडलेला पक्षी दुसऱ्या दिवशी पुन्हा धरला जातो किंवा मरतो. शहरातल्या मंदिराच्या गच्चीवरून रानातला तितर सोडणं ही त्याची सुटका नाही.

भगवान नेमिनाथांची गोष्ट घ्या. वरातीत त्यांनी कोंडलेल्या प्राण्यांचा आक्रोश ऐकला. ते प्राणीही जिवंतच होते. प्रभूंनी त्यांना सोडवलं आणि तिथंच थांबले नाहीत. ज्या लग्नासाठी ते कोंडले होते, ते लग्नच सोडून गिरनारकडे निघून गेले. कारणच काढून टाकलं. मी तितर सोडवला, पण कारण मागं ठेवलं. उलट मीच नवं कारण झाले.

आता कुणी म्हणेल, ती माणसं गरीब आहेत, त्यांच्या पोटावर का मारता? हा प्रश्न खरा आहे आणि तो मी टाळणार नाही. पारध हा पिढीजात धंदा असलेल्या जमातींवर इंग्रजांनी 1871 मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा लादला. जन्मानंच गुन्हेगार ठरवलं. स्वातंत्र्यानंतर 31 ऑगस्ट 1952 ला तो शिक्का पुसला, पण लोकांच्या मनातून गेला नाही. गावात कुठं चोरी झाली की अजून आधी पारध्यांच्या पालावर बोट जातं. अशा घरातला माणूस पोटासाठी फास लावतो, आणि शहरातला पैसेवाला हौसेसाठी कुत्री पळवतो, या दोघांना मी एका तराजूत घालणार नाही. माझ्या दारात आलेला माणूस कोण, कुठला, हे मी विचारलं नाही, आणि ते महत्त्वाचंही नाही. महत्त्वाचं हे की त्याला तितराचे तीनशे देण्याऐवजी मी तुरीच्या राशीवर दिवसाची मजुरी देऊ शकले असते. पुतण्याला माणसं मिळत नव्हती. हे मला त्या वेळी सुचलंच नाही.

दुसरा प्रश्न माझ्या पुतण्यानंच विचारला. “काकू, मांजर पाखरं धरते, घार धरते, त्यांचं काय?” मी म्हटलं, “बाळा, मांजरीनं अणुव्रत घेतलेलं नाही. तू घेतलंयस.” तो हसला, पण गप्प झाला.

मग आपण करायचं काय? मी माझ्यापुरतं ठरवलेलं सांगते.

पहिलं, पिंजऱ्यातला पक्षी पैसे देऊन घ्यायचा नाही. सोडवायलासुद्धा नाही. कुणी विकायला आणला तर वन विभागाच्या 1926 या हेल्पलाइनला फोन करायचा. तो नंबर मला त्या दिवशी माहीत असता, तर सात तितरांसाठी मी काहीतरी केलं असतं. आता तो फ्रीजवर चिकटवून ठेवलाय.

दुसरं, आपल्या रानातून कुणी कुत्री घेऊन पारधीला जाणार नाही, हे सालगड्याला आणि बटईदाराला स्पष्ट सांगायचं. शेत आपलं, मग परवानगीही आपलीच धरली जाते. न बोलणं म्हणजे अनुमोदन.

तिसरं, बांधावरचं गवत आणि एखादी बोरी-बाभूळ ठेवायची. तितर जमिनीवर अंडी घालतो, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात. रात्री काटेरी झाडावर बसतो. धसकटं आणि बांध पेटवले की त्याचं घर आणि अंडी दोन्ही जातात. तो वाळवी खातो, किडे खातो. म्हणजे शेताचं कामच करतो, मजुरी न घेता. उन्हाळ्यात बांधावर एक मातीचं पसरट भांडं पाण्याचं ठेवा. अभयदान याला म्हणायचं.

चौथं, मंडळाचा अभयदानाचा निधी असतो. तो पक्षी सोडवण्यात घालू नका. गोशाळेला द्या, जखमी पक्ष्यांवर उपचार करणाऱ्यांना द्या, किंवा पारध सोडू पाहणाऱ्या घरातल्या मुलीच्या वह्या-पुस्तकांना द्या. जीव वाचवायचा तर धरणाऱ्याचा हात दुसऱ्या कामाला लागला पाहिजे.

आणि पाचवं, घरात कुत्रं असेल तर त्याला पोटभर खायला घाला, राखणीला ठेवा, पळवायला मोकळं रान द्या. पण पक्ष्यामागं सोडू नका. पुतण्यानं आता एक कारवानीचं पिल्लू आणलंय. मी आधी रागावले. मग अट घातली की त्याच्याकडून कधी पारध करून घ्यायची नाही. त्यानं माझ्या पायाला हात लावून कबूल केलं. पिल्लाचं नाव आहे वीर. भाकरी-ताक आवडीनं खातं. परवा बांधावरून तितर उठला तर ते कान टवकारून दोन पावलं पुढं गेलं. पुतण्यानं नुसती हाक मारली, तर परत आलं. मी तिथंच बसले होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, का ते त्याला कळलं नसेल.

ग्रुपवरचा तो फोटो मी काढून टाकला आहे. ज्या जणींनी त्याला हात जोडले आणि माझं बघून आपणही पक्षी सोडवावेत असं ज्यांच्या मनात आलं असेल, त्यांच्यासाठी हा लेख. पुण्याचा फोटो सगळ्यांना दाखवला, तर चूकही सगळ्यांसमोरच सांगायला हवी.

बोरीखालच्या त्या तितराची आणि पिंजऱ्यातल्या त्या सातांची मी क्षमा मागते. तुमच्या गावाकडे काय चालतं, घरात याबद्दल कुणाशी बोललात का, मला जरूर कळवा. पुढच्या वेळी पुन्हा स्वयंपाकघरात भेटू.

जय जिनेंद्र.